खोली वाळत आली आहे

दि. ९ सप्टेंबर

प्रिय खारूताई,

अनेक आशीर्वाद. मेहुण्यांना नमस्कार सांग.

ख-टाक्-धप्प. ख-टाक्-धप्प. हा आवाज तुला आठवतो का? आज सकाळी तो मला ऐकू आला, अगदी अप्पांच्या पायाखालच्या ट्रेडल छापयंत्राचा. एक लघु, दोन गुरू. शाळेत गुरुजींनी फळ्यावर भुजंगप्रयाताचे गण मांडले तेव्हा सगळा वर्ग डोकं खाजवत होता आणि मी एकटा हसत होतो, कारण ते वृत्त आपल्या तळघरातल्या छापखान्यात दिवसभर चालायचं आणि अप्पा ते पायाने चालवायचे. तू वर स्वयंपाकघराच्या फरशीवर उताणी पडून, पाठीला लागणाऱ्या त्या ठोक्यांवर पाठ्यपुस्तकातल्या कविता म्हणायचीस. शाई लावायला अप्पांनी यंत्र थांबवलं की तूही ओळीच्या मधेच थांबायचीस. आई म्हणायची, "ही पोरगी बापाच्या पायाने चालते."

डोळे उघडून पाहिलं तर ट्रेडल कुठलं? ते भंगारात गेलं त्यालाही आता किती काळ लोटला. दाराच्या चौकटीतून पाणी येत होतं आणि खाली ठेवलेल्या बादलीत थेंब पडत होते. थेंबांना यतीही नसते आणि यमकही नसतं, हे मला या वयात समजलं. शाळेच्या पुस्तकातलं पाणी कसं नेहमी झुळझुळ वाहायचं, खळाळायचं, फार तर धो-धो कोसळायचं. भिंतीतून गुपचूप झिरपणाऱ्या पाण्यावर एकाही कवीने चार ओळी खर्च केलेल्या मला आठवत नाहीत. तुला आठवत असतील तर कळव.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही, म्हणून आपल्या वाट्याला पत्रं आली. एका परीने बरंच झालं. ओरडून सांगण्यासारखं माझ्याकडे फारसं काही उरलेलं नाही.

तर इकडची खुशाली अशी, की तळघरात पाणी आहे.

तुझ्या वहिनीचं खुब्याचं हाड मोडल्यावर आम्ही खाली राहायला गेलो, हे तुला ठाऊकच आहे. समोरचा जिना तिला चढवेना. मागच्या गल्लीतून कागदाच्या गाड्या आत घ्यायला अप्पांनी जो उतार केला होता, तो मात्र तिच्या चाकांच्या खुर्चीला इतका बेताचा निघाला, की जणू सुनेसाठीच बांधून ठेवला होता. तू कागदाच्या गठ्ठ्यांवर बसून ज्या उतारावरून किंचाळत खाली यायचीस, तोच. त्यावरून ती रोज सकाळी स्वतःच्या हातांनी चाकं ढकलत वर जायची, गल्लीत समोर येईल त्याच्याशी बोलायची आणि बातम्या घेऊन परत यायची. मी म्हणायचो, "आलं आमचं दैनिक." ती म्हणायची, "तुमच्या छापखान्यात एवढ्या ताज्या बातम्या कधी छापल्या होत्या का?"

गल्लीपलीकडचं मोकळं मैदान आठवतं ना, जिथे तू काचेचे तुकडे गोळा करायचीस? तिथे आता गाड्या लावायला सगळी फरसबंदी केली आहे. तेव्हापासून पावसाचं पाणी जमिनीत मुरायचं सोडून आपल्याकडे पाहुणं येऊ लागलं. आधी नुसती ओल होती. मग गिलाव्याला मिठासारखा पांढरा लोणा लागला, मग रंगाचे पोपडे सुटले, आणि आता कोपऱ्यात हात टेकला तर भिंत भिजल्या बिस्किटासारखी हाताला येते. गवंडी आला, त्याने भिंतीवर कान लावून डॉक्टरसारखं ऐकलं आणि म्हणाला, पाणी बाहेरून आहे. नळवाला आला, म्हणाला, बाहेरून कसलं, तुमचाच नळ आत कुठेतरी फुटलाय. दोघांनी आपापल्या जागी जमीन उकरली. दोन्हीकडे पाणीच लागलं. मग दुकानदाराने एक चकचकीत रंग दिला, तो आतून फासला की ओल बाहेर पडणार नाही म्हणे. ती पडली नाहीच. रंगामागे फुग्यासारखी साठून राहिली, आणि परवा एक फुगा फुटून माझ्या अंथरुणावर आला.

बुरशीही आहे थोडी. पुसतो मी.

तुझ्या वहिनीबद्दल विचारलंस. बरी आहे. थोडा खोकला आहे. तुझं पत्र तिला वाचून दाखवलं, तर म्हणाली, "वन्संचं अक्षर अजून तसंच सुंदर, आणि मजकूर अजून तसाच कंजूष." खाली तिच्या दोन ओळींसाठी जागा सोडणार होतो, पण कागद संपत आला.

जपून राहा. पाय पुसल्याशिवाय मोरीतून बाहेर येऊ नकोस, आपल्या वयात पडणं परवडत नाही.

तुझा
दादा


दि. २४ सप्टेंबर

प्रिय खारूताई,

आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. एवढं छोटं पत्र तू आजवर लिहिलं नव्हतंस. "कागद संपला होता तर पाठीमागची बाजू कोरी का?" बस, एवढंच. अप्पांनी तुला प्रुफं तपासायला बसवायला हवं होतं, मला उगीच बसवलं. माझ्या हातून चुका सुटायच्या, कारण मी मजकूर वाचता वाचता त्यातच रमायचो.

तिच्या ओळी नव्हत्या, कारण ती घरी नाही.

तुझं पत्र तिला वाचून दाखवलं हे खरं, आणि ती जे बोलली तेही खरं. फक्त ते इथे घडलं नाही, नर्सिंग होममध्ये घडलं. ऑगस्टपासून ती तिथे आहे. तुला लिहायचं टाळलं, कारण मला वाटलं, चार दिवसांत खोली वाळेल, तिला घेऊन येईन, आणि मग जुनी गंमत म्हणून तुला लिहीन. नंतर ते चार दिवस काही संपेनात.

कसं झालं ते सांगतो. मला हे एकदाच लिहायचं आहे.

गेल्या वर्षीच्या पावसात पलंगामागच्या भिंतीवर काळे ठिपके उमटले. उशीच्या बरोबर वर, वीतभर जागेत. मी चष्मा लावून पाहिलं आणि मला काय वाटलं असेल? शाई. तिथेच तर शाईचा दगड असायचा आणि अप्पा रूळ घासून झाला की चिकट हात त्याच भिंतीला पुसायचे. आईने किती वेळा चुना लावून घेतला होता त्यावर. मला वाटलं, चुना सुटला आणि खालून अप्पांचा हात वर आला. मी तुझ्या वहिनीला दाखवलं. ठिपके खरंच बोटांसारखे होते, एक अंगठा आणि दोन बोटं. ती म्हणाली, "मामंजींनी हजेरी लावली म्हणायची."

आणि आम्ही ते तसंच ठेवलं, खारूताई. बाकी भिंत पुसली, तेवढी जागा सोडून पुसली. रंगवाल्याने ब्रश उचलला तर मी त्याला सांगितलं, "एवढं राहू दे, आमच्या वडिलांचं आहे." त्याने माझ्याकडे बघितलं आणि खांदे उडवले. ठिपके पसरत गेले तेव्हा मला आणखी कौतुक वाटलं. वाटलं, पंजाही निघणार आता. रात्रंदिवस तिचं डोकं त्याच्याखाली असायचं.

मग एक दिवस तीच म्हणाली, "अहो, तुमच्या वडिलांना मिसरूड फुटलंय." जवळ जाऊन पाहिलं तर ठिपक्यांवर बारीक करडी लव होती. बोट लावलं तर धुरळ्यासारखी उडाली, आणि तिला खोकल्याची जी उबळ आली ती पाणी पाजूनही थांबेना.

तळघर आपल्या नाकाला कधी वाईट लागलंच नाही, याला काय करू. दुसऱ्या घरातली माणसं ओलीचा वास आला की खिडक्या उघडतात. आपण लहानपणापासून काय ऐकलं? कोरड्या हवेत कागद वाकडा होतो, मुरडतो, यंत्रात अडकतो. ओल कागदाला मानवते. उन्हाळ्यात अप्पा कागदाच्या मांडणीभोवती ओली फडकी टांगायचे आणि वाऱ्याने कागद सुकू नये म्हणून त्यांनी गल्लीकडचे सगळे झरोके विटांनी बुजवून टाकले होते. तू विटा देत होतीस आणि जुळारी काका खिळे जुळवणं सोडून, "बाळ, वीट आहे ती, पोळपाट नव्हे, नीट धर," असं तुला सांगत होते. तो ओला वास म्हणजे आपल्याला भरभराटीचा वास. मांडणी भरलेली आहे, काम आहे, अप्पा खूश आहेत. मी डोळे मिटून तो वास घेत बसायचो, अगदी परवापरवापर्यंत, आणि ती शेजारी खोकत असायची.

आता झरोके उघडलेत. गवंड्याने पहार घातली आणि म्हणाला, "आजोबा, भिंतीला श्वास घेऊ द्या." भिंतीने घेतला. बाहेरची दमट हवा आत आली आणि गार भिंतीवर तिचं पाणी झालं. आता भिंती बाहेरून पाझरतात आणि आतून घामेजतात. तेव्हा पुन्हा विटा रचू का म्हणून त्याला विचारलं, तर तो म्हणाला, "रचा, काढा, तुमचं घर आहे." त्याचा काही राग नाही. त्यालाही दुसरं काय सुचणार?

डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय, की त्या खोलीत ही एक रात्रही राहता कामा नये. आणि वरच्या मजल्यावर यायला ती तयार नाही. मी दोन माणसं बोलावून तिला उचलून नेतो म्हणालो. तर म्हणाली, "नेलंत तर न्याल. पण मग मी खाली उतरणार ती चौघांच्या खांद्यावरूनच. गल्ली नाही, अंगण नाही, वर बसून काय करू, छताच्या तुळया मोजू?" तिचं चुकतंय असं मला म्हणता येत नाही. तू म्हणू शकशील का?

म्हणून खोली वाळली पाहिजे. दुसरा मार्ग मला दिसत नाही. मी वर फक्त अंघोळीपुरता जातो. बाकी इथेच असतो, फडकी पिळतो, शेगडी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात हलवतो.

तू येऊ नकोस. तुझे गुडघे, तो प्रवास, आणि इथे बसायला कोरडी जागा नाही.

दादा


दि. ११ ऑक्टोबर, दुपार

प्रिय खारूताई,

आशीर्वाद, आणि तू पाठवलेल्या चुन्याच्या उपायाबद्दल आभार. केला. भिंत पांढरी दिसली, मग करडी, आता पुन्हा आहे तशी.

मधे पत्र टाकलं नाही, कारण लिहायला बसलो की हाताखालचा कागदच ओला होतो आणि शाई फुटते. आज छापखान्याच्या त्या दगडी मेजावर जाड पुठ्ठा घालून लिहितोय. तेवढं एक मेज त्या काळापासून इथे आहे, कारण ते कुणाला उचलवलंच नाही. सकाळी ऊन पडलं म्हणून वेळ न घालवता सगळं अंथरूण बाहेर नेऊन टाकलं, पुढच्या कठड्यावर. आत आलो तर जमिनीवर, फरशांच्या सांध्यांतून, पाणी वर आलं होतं. पाऊस नाही, ऊन आहे, तरी वर आलं. फार नाही. तळवे बुडतील इतकं.

चिरंजीवांनी शहरातून एक यंत्र पाठवलं. हवेतला ओलावा खेचतं म्हणे. खेचतं खरं. दिवसभर घुमतं, टाकी भरते, मी ती अंगणात नेऊन ओततो आणि परत येऊन बसतो. कधीकधी वाटतं, ओतलेलंच पाणी भिंतीखालून माझ्या आधी घरात पोचतं. चिरंजीव मागे येऊन गेला तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभा होता. म्हणाला, "बाबा, हे घर आहे की होडी? विकून टाकू या, दोघं माझ्याकडे चला." मी म्हटलं, "तुझ्याकडे कितवा मजला?" त्याने पँट आणखी एक घडी वर घेतली. त्याच्या इमारतीची लिफ्ट महिन्यातले पंधरा दिवस बंद असते, हे त्यानेच मला सांगितलं होतं. वाईट नाही गं तो. लहानपणी शाळेच्या कविता पाठ होत नाहीत म्हणून रडायचा तसाच अजून आतून रडतो, आणि मग बिल्डरचं नाव सांगतो.

तुला मी आता जे लिहिणार आहे ते मी त्याला सांगितलेलं नाही.

मागच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी मला बाहेरच्या बाकावर बसवलं. तरुण आहेत, बोलताना पेनचं टोपण काढघाल करतात. मी त्यांना खोलीचा सगळा हिशेब सांगत होतो, कुठली भिंत कितपत वाळली, कुठे शेगडी लावली. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आजोबा, खोली वाळवताय ते चांगलंच आहे, तुमच्यासाठीही चांगलं आहे. पण आता त्यांचं खोलीवर अवलंबून राहिलेलं नाही."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"जे भिंतीवर होतं ते फुप्फुसात बसलंय. औषध चालू आहे, पण ते पुढे जातंय. आम्ही फक्त त्रास कमी ठेवतोय."

"मग घरी कधी?"

त्यांनी टोपण लावलं. "त्या खोलीत नेलंत तर लवकर संपेल. इथे थोडं उशिरा. याहून वेगळं काही तुम्हाला सांगता आलं असतं तर मला आवडलं असतं."

बाकावरून उठलो आणि तिच्याकडे गेलो. ती खिडकीजवळ उशांना टेकून बसली होती, नाकात नळी, तरी नर्सला कुठल्यातरी गाऊनच्या शिलाईवरून बोलत होती. मला बघून नळी बाजूला न करताच म्हणाली, "आलात? काय म्हणते खोली?"

खारूताई, मी म्हणालो, "वाळत आली आहे."

दुसरं काय म्हणणार? तोंडातून निघून गेलं. तिचा चेहरा असा उजळला की मला ते परत घेता आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने परीक्षाच घेतली. "पलंगामागची भिंत?" म्हटलं, हात लावला की पांढरी भुकटी येते. ती लोणा लागलेल्या गिलाव्याची, ते बोललो नाही. "खिडकीखालचा कोपरा?" तोही. "वास?" मी म्हटलं, नव्या पाटीचा असतो तसा. "आणि ऊन येतं का आत, झरोके उघडलेत म्हणता ते?" येतं म्हटलं, सकाळी जमिनीवर चौकोनी तुकडा पडतो आणि हळूहळू सरकत मेजापर्यंत येतो. ऊन पडतं, हेही खोटं नाही. ज्यावर पडतं ते सांगितलं नाही.

शाळेत निबंधात मला नेहमी सगळ्यांपेक्षा जास्त गुण मिळायचे. "पावसाळ्यातील एक दिवस" तर गुरुजींनी वरच्या वर्गात नेऊन वाचून दाखवला होता. तेव्हापासून एवढ्या मन लावून मी काही रचलं नव्हतं. रोज संध्याकाळी मी नर्सिंग होमच्या खुर्चीवर बसतो आणि ती खोली एक एक वीत वाळवतो. पडदे लावतो. तिची खुर्ची उताराच्या तोंडाशी आणून ठेवतो. ती डोळे मिटून ऐकते, मधेच दुरुस्ती सांगते, "कपाट तिथे नको, चाक अडकेल," आणि मी कपाट हलवतो. तेवढा वेळ तिला खोकला येत नाही. नर्सच्याही ते लक्षात आलं. आणि खरं सांगू का, तेवढा वेळ मलाही ती खोली तशीच दिसते. मग इथे येऊन दार ढकलतो आणि पायाला पाणी लागतं.

परवा मी तिथे असतानाच चिरंजीवाचा फोन आला. तिने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. तो म्हणाला, "बाबा, आई म्हणते खोली झाली. खरंच?" ती माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "झाली रे." "म्हणजे राहण्यासारखी?" मी म्हटलं, "बघशील तेव्हा कळेल." फोन ठेवल्यावर तिने माझा हात थोपटला. म्हणाली, "तुमच्याकडून एवढं कष्टाचं काम होईल असं मला वाटलं नव्हतं. तुम्ही आपले कवितावाले." आणि बराच वेळ हात सोडला नाही.

काल ती नर्सला सामान आवरायला सांगत होती. मी विचारलं, कसलं सामान? तर म्हणाली, "काही नाही हो, इथल्या कपाटात झुरळं झालीत." मी विश्वास ठेवला. खोटं बोलणाऱ्याला समोरच्याचं खोटं ओळखता यायला हवं, पण मला नाही आलं.

थांब, गल्लीत गाडी येऊन थांबली आहे. इथून झरोक्यातून माणसं गुडघ्यांपर्यंतच दिसतात. गाडीचं मागचं दार उघडलं. चिरंजीवाचे ते शहरी बूट, आणि एका परक्या माणसाच्या पांढऱ्या चपला. ते मिळून काहीतरी खाली उतरवताहेत. जपून, जपून, असं कुणीतरी म्हणतंय.

चाकं आहेत.

चाकं उतारावर आली. मागून धरलेली नाहीत, दोन्हीवर तिचेच हात आहेत, कारण चिरंजीव म्हणतोय, "अगं आई, सोड, मी आणतो ना," आणि ती धापा टाकत म्हणतेय, "गप्प बस. माझ्या घरात मी माझी जाणार."

दारावर थाप पडली.

"अहो, उघडा. आतून कडी कशाला लावलीत? कोण येणारे चोरायला, तुमच्या कविता?"

"बाबा, आईला तुम्हाला चकित करायचं होतं. म्हणून कळवलं नाही. ड्यूटीवरच्या डॉक्टरांना सही करून दिली मी, खोली नीट झालीय म्हणून."

हे मी लिहीत बसलोय कारण मला उठवत नाही. पायाखाली पाणी आहे, समोर ती भिंत आहे, आणि ओलीने हे दार इतकं फुगलंय की उघडण्यासाठी आतून दोन्ही हातांनी ओढावं लागतं. ते घासत उघडेल तेव्हाच तिला कळेल, मला तोंड उघडावंही लागणार नाही.

ती खोकते आहे. थांबली. पुन्हा थाप.

"झोपलात का हो? बरं, असू द्या. मी बसते इथे. ऊन छान आहे."

जातो, खारूताई. काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही, आणि ती दाराबाहेर वाट पाहते आहे.

तिला कोरड्या खोलीचा शब्द दिलेला,
तुझा दादा